सळई खाली, बिल वर

काँक्रीटच्या रस्त्याच्या आयुष्यात तीन दिवस मोठे. भूमिपूजनाचा, माल ओतण्याचा आणि लोकार्पणाचा. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी सगळे हजर असतात. मधल्या दिवशी मुकादम असतो.

रस्ता त्या मधल्या दिवशी होतो.

फलक बघा. लांबी, रुंदी, रक्कम, निधी कोणाचा, प्रयत्न कोणाचे, प्रेरणा कोणाची, सगळं ठळक अक्षरांत. साहेबांचा फोटो किती उंचीवर लावायचा यावर कार्यकर्त्यांची बैठक होते. काँक्रीटमधली जाळी किती उंचीवर ठेवायची यावर बैठक झाल्याचं कधी ऐकलंय?

हसू नका. पुढच्या चार पावसाळ्यांचा निकाल त्या उंचीत दडलेला असतो.

दृश्य तुमच्या ओळखीचंच आहे. गल्ली दोन्ही तोंडांना पत्रे लावून बंद. खाली प्लास्टिक अंथरलेलं. त्यावर आठ मिलिमीटरच्या सळयांची जाळी, आडवी-उभी, दर आठ इंचांवर एक, सांध्यांना बांधणीच्या तारेचा पीळ. काम दिसायला एकदम चोख. कनिष्ठ अभियंता येतो, मोबाइल काढतो, फोटो घेतो. फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश आपोआप उमटतात. अक्षांश बरोबर, रेखांशही बरोबर.

उंची तेवढी त्यात येत नाही.

आली असती तर शून्य आली असती. कारण जाळी प्लास्टिकवर सपाट पहुडलेली असते.

मग घरघरत मिक्सरची गाडी येते. पन्हळीतून माल सुटतो तो थेट जाळीवर. मुकादम ओरडतो, "जाळी उचल रे!" एक पोऱ्या टोक वाकवलेली सळई घेऊन पुढे होतो, आकडा जाळीत अडकवतो आणि कंबरेत वाकून ओढतो. जाळी चार इंच वर येते. खरंच येते. थोडा माल तिच्याखाली सरकतो. पोऱ्या आकडा सोडवून दोन पावलं पुढे जातो. तोवर मागून व्हायब्रेटरवाला येतो आणि नुकत्याच उचललेल्या जाळीवर दोन्ही गमबूट रोवून उभा राहतो. त्याच्यामागे दोन फावडेवाले. त्यांच्यामागे फळी मारणारे दोघं.

उचलणारा एक, तुडवणारे पाच. बहुमताने जाळी खाली.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी चौकशी करतात, "जाळी टाकलीय ना नीट?" ठेकेदार म्हणतो, "टाकलीय ना काका, हा बघा फोटो." काका फोटो बघतात, त्यात जाळी दिसते, काकांचं समाधान होतं. काँक्रीटचं होत नाही.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजून खट्टू होऊ नका. अमेरिकेतही फरशीचं आणि ड्राइव्ह-वेचं काँक्रीट ओतताना आकड्याने जाळी ओढायची खोड जुनीच आहे. तिथले अभियंतेही वर्षानुवर्षं तिच्या नावाने बोटं मोडताहेत. एका तरी बाबतीत आपण महासत्तेच्या बरोबरीला आलो.

पण जाळी खाली राहिली तर एवढं बिघडलं काय? लोखंड आत आहे ना? कुठे का असेना!

इथेच सगळी गोम आहे.

काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. दाबाची जेवढी ताकद, ताणाची त्याच्या जेमतेम एक दशांश. म्हणून त्यात लोखंड घालायचं. जोसेफ मोनिए नावाच्या फ्रेंच माळ्याने कुंड्या आणि हौद फुटू नयेत म्हणून सिमेंटच्या आत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ मध्ये पेटंट घेतलं. जाळी सिमेंटच्या आत असावी लागते, खाली नव्हे, हे त्या माळ्याला दीडशे वर्षांपूर्वी कळत होतं. त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती, हाच काय तो त्याचा फायदा.

आता पुढचा प्रश्न. आत म्हणजे नेमकं कुठे?

घराच्या छताचा स्लॅब तुळयांवर टेकतो आणि मधे हवेत असतो. तो मधोमध खाली लवू पाहतो, ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई तिथे खाली. सळईखाली वीस-पंचवीस मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक, म्हणजे काँक्रीटचे छोटे तुकडे, ठेवले की काम झालं. रस्ता हवेत नसतो. त्याला सगळीकडून जमिनीचा आधार असतो. त्याचं दुखणं वरून सुरू होतं. वरचा थर उन्हा-वाऱ्याने आधी वाळतो, आकसतो. खालचा थर प्लास्टिकवर ओलाच असतो. रात्री वरचा भाग गार होतो, कडा वर उचलू पाहतात. भेग वरून खाली उतरते.

म्हणून रस्त्याच्या स्लॅबमध्ये एकेरी जाळी असेल तर ती वरच्या तिसऱ्या हिश्शात हवी. वरच्या पृष्ठभागापासून साधारण पन्नास मिलिमीटर खाली. दीडशेचा स्लॅब असेल तर जमिनीपासून जवळपास शंभर मिलिमीटर वर. म्हणजे चार इंच. म्हणजे पोऱ्याने ओढली होती तेवढीच, फक्त तिने तिथे राहायला हवं होतं.

फिटर मात्र तोच असतो, जो काल शेजारच्या इमारतीचं छत बांधत होता. त्याच्या पिशवीत छताचेच ब्लॉक असतात. फार तर तेच तो ठेवतो आणि जाळी चार इंचांऐवजी एक इंचावर उभी राहते. छत आणि रस्ता यांतला फरक त्याला कोणी सांगायचा? अभियंत्याने.

तो फोटो काढून गेला.

आणखी एक गैरसमज या निमित्ताने निकालात काढू. "लोखंड टाकलंय साहेब, आता भेग जाणारच नाही," हे वाक्य जिथे ऐकाल तिथे खिसा सांभाळा. जाळी भेग थांबवत नाही. भेग जाते. जाळीचं काम पुढचं: पडलेली भेग केसाएवढी बारीक ठेवायची, दोन्ही बाजूंचे तुकडे एकमेकांना घट्ट धरून ठेवायचे, म्हणजे भेगेतली खडी एकमेकींत अडकून राहते आणि चाकाचा भार या तुकड्यावरून त्या तुकड्यावर जातो. भेग रुंदावली की खडी सुटते, पाणी शिरतं, खालची माती धुपते, स्लॅबचं एक टोक खचतं. मग तुमच्या स्कूटरला कळतं.

तळाला पडलेली जाळी यातलं काहीच करत नाही. वरची भेग रुंदावते, खाली जाळी निवांत.

निवांत तरी किती दिवस? काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा सामू बाराच्या वर. या वातावरणात सळईवर एक पातळसं संरक्षक आवरण धरतं आणि ती गंजत नाही. पण त्यासाठी काँक्रीटने तिला चहूबाजूंनी वेढलेलं हवं. खाली ओल, वर काँक्रीट, अशी अर्धवट उघडी सळई गंजायला लागते. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. जागा कोण देणार? काँक्रीट. ते फुटतं. म्हणजे सांभाळायला आणलेली सळईच आतून स्लॅब उचकटते. आधी कामचुकार, नंतर फितूर.

आयएस ४५६:२००० या आपल्या भारतीय संहितेत सळईभोवती किती काँक्रीट हवं याचा तक्ताच आहे. सौम्य वातावरणात २० मिलिमीटर, मध्यम असेल तर ३०, तीव्र असेल तर ४५, पुढे आणखी. धो-धो पाऊस, ओलं-कोरडं, ओलं-कोरडं आणि वर खारा वारा, म्हणजे आपली कोकणपट्टी, ती तीव्रमध्ये मोडते. तक्ता बारकाईने वाचला तरी त्यात शून्य हा आकडा सापडत नाही.

तो साइटवर सापडतो.

बरं, उचलायचंच ठरवलं तर उचलायचं कशावर? इथे आपली कल्पकता बहरते. विटांचे तुकडे. फुटक्या लाद्या. हाताला लागेल तो दगड. सेंट्रिंगच्या फळीचे ठोकळे. पाइपाचे तुकडे. भूमिपूजनाच्या नारळाची करवंटी तेवढी वापरायची राहिली आहे.

वीट पाणी पिते. साधी भाजकी वीट स्वतःच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के पाणी सहज रिचवते. ती सळईखाली ठेवणं म्हणजे जमिनीतल्या ओलीला थेट सळईपर्यंत शिडी लावून देणं. लाकूड कुजतं, मागे पोकळी ठेवतं. गोटा कलंडतो. लादीचा तुकडा गुळगुळीत, त्याला काँक्रीट धरत नाही. हे सगळं फिटरला माहीत असतं. पण त्याला विटा दिल्या आहेत, ब्लॉक दिलेले नाहीत. त्याने काय खिशातून आणायचे?

कव्हर ब्लॉक दिलेच, तरी हुरळून जाऊ नका. ब्लॉकचं काँक्रीट स्लॅबच्या तोडीचं हवं. साइटवर काय होतं? उरलासुरला माल फळीवर पसरायचा, थापीने वड्या पाडायच्या, ओल्यातच तार खोचायची. वड्यांना पाणी कोण मारतो? दुसऱ्या दिवशी त्या जाळीखाली जातात आणि पहिल्या गमबुटाखाली भुगा होतात. कागदावर ब्लॉक होते. आतही आहेत, पण भुग्याच्या रूपात.

लोखंडी चेअर असते. सळईच वाकवून केलेली, चार पायांची, जाळी उंच धरायला चांगली. फक्त तिचे पाय थेट जमिनीवर टेकवले की गंजाला तिथूनच वाट मिळते. पायाखाली ब्लॉक द्या किंवा प्लास्टिकची टोपी घाला. आणि मोठ्या रस्त्यांच्या कामात स्लॅबखाली जे सव्वाशे मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरतात, ते चेअरच्या अणकुचीदार पायाने फाटतं. प्लास्टिकची तयार चेअर घ्यायची तर रुंद बुडाची घ्या, नाहीतर ती भुसभुशीत मुरमात रुतते आणि जाळी पुन्हा होती तिथेच.

खर्च? चला, हिशेब करू. रुपये मी धरतोय, तुमच्या गावचा भाव तुम्ही घाला.

शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद गल्ली. तीनशे चौरस मीटर. सळईचं वजन काढायचं सूत्र साइटवर पोरासोरांनाही पाठ असतं: व्यासाचा वर्ग, भागिले १६२. आठची सळई मीटरला ०.३९५ किलो. दोनशे मिलिमीटरवर दोन्ही बाजूंनी म्हणजे चौरस मीटरला जवळपास चार किलो. एकूण बाराशे किलोच्या आसपास. किलोला साठ रुपये धरले तर सत्तर-बहात्तर हजारांचं लोखंड.

चेअर दर चौरस मीटरला एक म्हटली तर तीनशे. आठची सळई लवचीक, म्हणून दाट ठेवू, पाचशे धरा. एकीला दहा रुपये. पाच हजार.

पाच हजार वाचवायला बहात्तर हजार पुरले. आणि पुरले ते तुमचे.

ठेकेदाराचे का नव्हेत? कारण मोजमाप पुस्तिका. सगळे तिला एमबी म्हणतात. तिच्यात लोखंड किलोत लिहितात. किती व्यासाचं, किती लांबीचं, किती वजनाचं. बिल वजनावर निघतं. वजन बरोबर असतं, मी कशाला खोटं बोलू! तळाला पडलेल्या सळईचं वजनही वर असलेल्या सळईएवढंच भरतं. उंचीचा रकाना पुस्तिकेत नाही, म्हणून उंची कामात नाही. सरकारी कामात रकाना आधी जन्मतो, वस्तू नंतर.

एक सांगू? पोऱ्याला आणि व्हायब्रेटरवाल्याला शिव्या घालू नका. आठ इंचांच्या चौकोनात गमबूट मावत नाही. हवेत पाय ठेवता येत नाही. ओल्या मालाचं फावडं भरून ओढताना माणूस सळईवरच पाय देणार. जाळीवर चालायला वेगळ्या टेकूंवर फळ्या द्या, असं म्हणायला कोणी लागतो. नाहीतर डिझाइन करणाऱ्याने आधीच डोकं चालवावं: आठची सळई दोनशेवर घेण्याऐवजी बाराची चारशेवर घेतली तर चौरस मीटरला चार किलोऐवजी साडेचार किलो होतात, एवढाच फरक. चौकोन सोळा इंचांचा, बूट आत मावतो. शिवाय बाराची सळई पायाखाली सहजी वाकत नाही. चालेल की नाही हे गणित त्या रस्त्यापुरतं मांडून बघावं लागतं. पण मांडणार कोण? अंदाजपत्रक मागच्या गल्लीचं उतरवलेलं असतं. गल्लीचं नाव बदललं तरी नशीब.

आता खरी गंमत. तुम्ही-आम्ही ज्या काँक्रीटच्या महामार्गांवरून ऐंशी-शंभरने जातो, त्यांच्या स्लॅबमध्ये सहसा ही जाळी नसतेच! मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग घ्या. आपल्याकडचे असे मोठे रस्ते प्रामुख्याने साध्या काँक्रीटचे, ठरावीक अंतरावर सांधे कापलेले. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ५८ ही संहिता याच प्रकारच्या रस्त्यांची. तिथे भिस्त जाडीवर आणि सांध्यांवर. लोखंड मुख्यतः सांध्यांपुरतं.

चाळीस टनांचा ट्रेलर जातो तिथे जाळी नाही, आणि जोशीकाकांची लुना जाते तिथे जाळी?

कारणं आहेत, नाही असं नाही. गल्लीचा स्लॅब पातळ असतो. आकार वेडावाकडा असतो. मधे गटारांची झाकणं असतात आणि झाकणाच्या चौकोनी कोपऱ्यातून भेग हमखास निघते. सांधे वेळेवर कापले जात नाहीत. तिथे जाळीचा उपयोग आहे. अंदाजपत्रकाचा आकडा फुगवायलाही आहे, पण ते सोडा.

माझं म्हणणं सरळ आहे. जाळी उंचीवर धरायची नसेल तर घालूच नका. ते बहात्तर हजार काँक्रीटमध्ये घाला. घनमीटरला सहा हजार धरले तर बारा घनमीटर माल येतो. तीनशे चौरस मीटरवर पसरला तर जवळपास चार सेंटिमीटर. दीडशेचा स्लॅब एकशे नव्वदचा होतो. वाकण्याची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. गाडलेल्या भंगारापेक्षा हे बरं नाही का?

पण जाडीचा फोटो येत नाही. जाळीचा येतो.

तेव्हा महामार्गवाले हुशार, असं म्हणून टाळ्या वाजवणार असाल तर थांबा. त्यांच्या सांध्यातही हेच दुखणं आहे, फक्त सळई जाड आहे. आडव्या सांध्यात डॉवेल बार असतात. अडीचशे मिलिमीटर जाडीच्या स्लॅबला साधारण बत्तीस मिलिमीटर व्यासाचे, दर तीनशे मिलिमीटरवर एक, बरोबर मध्यावर, रस्त्याला समांतर. ते गुळगुळीत असतात आणि त्यांच्या अर्ध्याहून अधिक भागावर प्लास्टिकचं आवरण असतं. का? स्लॅब उन्हाने पसरतो, थंडीने आकसतो. डॉवेलने भार पलीकडे न्यायचा, पण स्लॅबला सरकायला अडवायचं नाही.

यासाठी डॉवेल मालात तरंगत सोडून चालत नाहीत. जोडलेल्या पिंजऱ्यावर घट्ट बसवायचे आणि पिंजरा जमिनीला ठोकून पक्का करायचा, नाहीतर यंत्राने नेमके आत बसवायचे. एखादा तिरका बसला की सांधा जखडतो. स्लॅबला सरकता येत नाही, मग तो स्वतःच्या सोयीने, सांधा सोडून भलतीकडे फुटतो. तिरकस असण्याचा हक्क या सदराला आहे, डॉवेलला नाही.

छोट्या कामांवर याचीही चेष्टा होते. गुळगुळीत बारऐवजी काटेरी टीएमटी, कारण ती साइटवर पडलेली असते. आवरण नाही, कारण ते मागवलेलंच नाही. माल ओतल्यावर वरून हाताने खुपसायचे आणि थापी फिरवायची. उभ्या सांध्यात टाय बार असतात, ते काटेरी हवेत, कारण त्यांचं काम धरून ठेवायचं. दोन सळया, दोन उलटी कामं. साइटवर मात्र समता नांदते.

सांधा कापण्याचं तर विचारूच नका. माल घट्ट झाला, पण आकसायला लागला नाही, या मधल्या काही तासांत करवत फिरवावी लागते. हवामानावर ठरतं, पण साधारण त्याच दिवशी किंवा त्याच रात्री. आपल्याकडे करवतवाला परवा येतो. भेग आज रात्रीच येते. ती ठेकेदाराच्या सोयीने थांबत नाही, तिला पेमेंटही लागत नाही.

हमी असते ना? असते की. दोषदायित्व कालावधी असं भारदस्त नाव आहे तिला. अमेरिकेत ओहायोतल्या बेलफाँटेन गावात जॉर्ज बार्थोलोम्यू या गृहस्थाने १८९१ मध्ये काँक्रीटचा पहिला रस्ता केला, तेव्हा गावाचा विश्वास बसेना. त्याने पाच वर्षांच्या हमीपोटी पाच हजार डॉलरचा बाँड लिहून दिला. रस्ता अजून दाखवतात.

आपल्याकडे हमी सुरू झाली की तिसऱ्या महिन्यात केबलवाला येतो. मग गॅसवाला. मग पाण्याची लाइन. यंत्राने स्लॅब कापतात, मधली सळईही कापतात, चर बुजवताना नव्या सळईची जुनीशी पुरेशी लांबी सोडून गाठ बांधायची असते हे कोणाच्या गावी नसतं. ठेकेदार सुटकेचा श्वास टाकतो. "आता मी जबाबदार नाही, रस्ता खणला त्यांनी." पहिली कुदळ त्याच्यासाठी देवासारखी धावून येते.

तपासणी? तीही असते. पाण्यात ठेवलेले ठोकळे दाबून फोडतात आणि ताकदीचा दाखला देतात. ठोकळ्यात जाळी नसते, तो बिचारा काय सांगणार? कोअर काढतात, म्हणजे रस्त्यातून काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढतात. त्यातून जाडी कळते, ताकद कळते. सळईची उंची कळायची तर कोअर नेमका सळईवर यायला हवा, आणि सळईवर येऊ नये याची काळजी घेऊनच जागा निवडतात. त्यात चूकही नाही, सळई कापणं वाईटच.

मग उंची कळायची कशी? सोपं आहे. कव्हर मीटर नावाचं हातात मावणारं यंत्र मिळतं. चुंबकीय तत्त्वावर चालतं, पृष्ठभागावरून फिरवलं की आत सळई किती खोल आहे ते न फोडता सांगतं. इमारतींच्या तपासणीत रोज वापरतात. बिल निघायच्या आधी गल्लीत दहा ठिकाणी ते फिरवायचं, एवढी एक अट निविदेत घालायला कोणाचं काय जातं?

कोणाचं तरी जातं म्हणूनच घालत नाहीत.

मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये सुमारे चारशे किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करण्याच्या कामाचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. खर्च सहा हजार कोटींच्या घरात. पुढे काम वाढलं आणि गुणवत्तेवर लक्ष ठेवायला आयआयटी मुंबईला आणलं. चांगलं झालं. पण तुमच्या नगरपंचायतीच्या तीन मीटरच्या गल्लीला आयआयटी कोण आणणार? तिथली आयआयटी तुम्हीच.

तेव्हा एक करा. माल ओतायच्या दिवशी जाऊन वाद घालू नका, त्या दिवशी तुम्ही हरणार. तयार माल प्लँटवर गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांत साइटवर ओतून झाला पाहिजे, असं आयएस ४९२६ सांगते. गाडी येते तेव्हा त्यातला बराच वेळ वाहतुकीच्या कोंडीत गेलेला असतो. तुम्ही बोट दाखवलंत की ठेकेदार घड्याळ दाखवतो, "साहेब, माल सेट होईल, नुकसान कोण भरणार?" आणि अभियंता मान डोलावतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी जा. जाळी बांधून झालेली असते, गाडी आलेली नसते, घाई कोणालाच नसते. शाळेतली पट्टी घेऊन जा आणि जमिनीपासून सळईपर्यंतचं अंतर मोजा. नकाशात लिहिलेली उंची विचारा. मग जाळीवर मधोमध उभे राहा आणि पुन्हा मोजा. जाळी तुमच्या वजनाने खाली टेकली, तर उद्या पाच जणांच्या वजनाने ती टेकणारच आहे. पट्टी सळईला लावलेलीच ठेवून फोटो काढा, आकडा दिसेल असा, आणि तो त्याच रात्री अभियंत्याला लेखी तक्रारीसोबत पाठवा. सकाळी चेअर येतात की नाही बघा.

नाही आल्या, तर बिल मंजूर होण्याआधी माहिती अधिकारात मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. अर्जाला दहा रुपये लागतात. एका चेअरएवढे.